धुण्याचा हिशेब

घरकामाचा विषय निघाला म्हणजे स्वयंपाकाला जो मान मिळतो, तो धुण्याला कधीच मिळालेला नाही. स्वयंपाकावर ग्रंथ निघाले, त्याचे कौतुक पंक्तीपंक्तीतून झाले, त्यातील यशापयशाची चर्चा जेवणाऱ्यांनी मोकळेपणाने केली; परंतु सकाळी भिजत घातलेला धुण्याचा बोळा मोरीतून दोरीवर, दोरीवरून पलंगावर, पलंगावरून घडीत आणि घडीतून कपाटात जाईपर्यंत त्याच्यामागे कोणाचे हात किती वेळ राबले, याची विचारपूस करण्याची वहिवाट आपल्या घरांत नाही. ज्या कामाची विचारपूस नाही त्याच्या पद्धतीचाही विचार होत नाही. गेल्या साठ-सत्तर वर्षांत साबणाच्या वडीची जागा पावडरीने घेतली, पावडरीशेजारी द्रवरूप साबणाच्या बाटल्या आल्या, धोपटण्याची जागा विजेच्या यंत्राने घेतली. साधने बदलत गेली, आणि तरीही ‘धुणे संपतच नाही’ ही गृहिणीची तक्रार जिथल्या तिथे राहिली. माझे म्हणणे असे आहे की हा भार हलका करण्याची किल्ली साधनांत नसून बादलीत पडणाऱ्या कपड्यांच्या संख्येत आहे, आणि ते कपडे कोणी टाकले व कोणी उचलले या वाटणीत आहे.

जुन्या व्यवस्थेत या संख्येवर एक नैसर्गिक अंकुश होता. गावगाड्यातील बारा बलुतेदारांत परिटाची गणना होत असे. परंतु रोजचे धुणे त्याच्याकडे जात नसे. ते घरच्या बायका नदीवर, ओढ्यावर किंवा आडावर उरकीत, आणि पाणी दुरून आणावे लागे किंवा धुणे डोक्यावरून दूर न्यावे लागे, म्हणून एकही कपडा विनाकारण भिजत नसे. शहर वाढले, चाळी उभ्या राहिल्या, मुंबईत महालक्ष्मीचा धोबीघाट १८९० साली बांधला गेला, आणि मध्यमवर्गाच्या घरी आठवड्याच्या ठरलेल्या वारी धोबी येऊ लागला. त्याच्या येण्याबरोबर घरात एक छोटीशी वही आली. सदरे इतके, धोतरे इतकी, चादरी इतक्या, उशांचे अभ्रे इतके, असा तपशील नगवार लिहून घ्यायचा, पुढच्या खेपेला परत आलेले नग त्याच्याशी ताडून पाहायचे, आणि महिन्याअखेर बेरीज करून पैसे चुकते करायचे, हा शिरस्ता पुष्कळ घरांत पिढी-दोन पिढ्या चालला. त्या वहीने हिशेबापलीकडचे एक काम केले, ते असे की प्रत्येक कपडा धुण्याला टाकताना त्याला मोल आहे ही जाणीव तिने घरातल्या सर्वांच्या मनात जागी ठेवली. धोब्याला द्यायचा सदरा खरोखर मळला आहे काय, हे पाहिल्याशिवाय तो वहीत चढत नसे.

यंत्र आले आणि ही वही बंद झाली. पाच कपडे घाला की पंधरा, बटण एकच आणि दिसणारी मेहनत जवळजवळ तेवढीच. त्यामुळे कपडा बादलीत टाकणे हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय राहिला नाही, ती हाताची सवय झाली. तासाभरासाठी बाहेर जाताना घातलेला सदरा, लग्नाच्या स्वागत समारंभात दोन घटका मिरवलेली सुती साडी, आंघोळीनंतर स्वच्छ अंगाला एकदा लागलेला पंचा, हे सर्व एकाच ढिगात जाऊ लागले. रूथ श्वार्ट्झ कोवान या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘मोअर वर्क फॉर मदर’ या ग्रंथात आपल्या देशातील घरकामाच्या यंत्रांचा इतिहास तपासून हेच दाखवून दिले आहे. यंत्रांनी कष्टाची जात बदलली, पाठ आणि मनगटे वाचवली, हे त्यांना मान्यच आहे; परंतु त्याबरोबर स्वच्छतेची अपेक्षा वाढली, पूर्वी बाहेर जाणारे काम घरात परतले, आणि वाचलेला वेळ गृहिणीच्या हाती फारसा उरला नाही. आपल्याकडची परिस्थिती अनेक अंगांनी निराळी असली तरी या बाबतीत आपण त्याच वाटेने चाललो आहोत. याचा दाखला प्रत्येक नाक्यावर मिळतो. इस्त्रीवाला अद्याप नगावर पैसे घेतो, सबब इस्त्रीला कोणते कपडे द्यायचे याचा विचार घरोघर होतो. घरातले यंत्र नगावर पैसे घेत नाही, म्हणून धुण्याला काय टाकायचे याचा विचार होत नाही.

पैसे नगावर मोजावे लागत नाहीत. पण पाणी मोजावेच लागते. आपल्याकडील प्रमाणित संकेतानुसार शहरातील माणसी दररोज १३५ लिटर पाणी धरतात, आणि त्यातले कपडे धुण्यासाठी २० लिटर. चार माणसांच्या कुटुंबाला हे दिवसाचे ८० लिटर झाले. वरून कपडे घालण्याचे स्वयंचलित यंत्र एका खेपेला साधारण १०० ते १५० लिटर पाणी घेते आणि समोरून दार असलेले त्याच्या निम्म्याच्या आसपास, हे लक्षात घेतले म्हणजे वरून भरायचे यंत्र अर्धवट भरून रोज फिरवणारे घर या मर्यादेत बसत नाही हे उघड आहे. ग्रामीण भागासाठी २०१९ च्या जलजीवन मिशनने माणसी ५५ लिटरचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यात पिणे, रांधणे, आंघोळ, भांडी आणि धुणे सर्व आले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन गेलेल्या पहिल्या आगगाडीत १० टाक्या मिळून ५ लाख लिटर पाणी होते. त्या गाडीच्या बातमीने सारा महाराष्ट्र हळहळला होता. एका खेपेला १०० लिटर एवढाच हिशेब धरला तरी ते पाणी म्हणजे यंत्राच्या ५ हजार खेपा, आणि पुण्या-मुंबईकडच्या चार-पाच मोठ्या गृहसंकुलांना एवढ्या खेपा करायला फार दिवस लागत नाहीत.

मग करायचे काय? मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अगदी किरकोळ दिसणारी आहे, आणि ती म्हणजे भिंतीवरची खुंटी. जुन्या घरात कपड्याच्या तीन अवस्था मानल्या जात. धुतलेला कपडा पेटीत किंवा फडताळात असे; मळलेला मोरीच्या कोपऱ्यात असे; आणि एकदा वापरलेला परंतु न मळलेला कपडा खुंटीवर किंवा आढ्याच्या दांडीवर वाऱ्याला टांगलेला असे. कचेरीतून आल्यावर कोट खुंटीवर, टोपी खुंटीवर, आणि दुसऱ्या दिवशी तोच कोट, तीच टोपी अंगावर, हे सगळ्यांना इतके स्वाभाविक होते की त्यात काटकसर आहे असेही कोणाला वाटले नसेल. नव्या सदनिकांतून खुंट्या गेल्या, कारण भिंतीवर टांगलेले कपडे दिसायला बरे दिसत नाहीत. आणि कपाटे आली, ज्यांत केवळ धुतलेल्याला जागा. मधल्या अवस्थेला घरात ठाव राहिला नाही. ती मग कधी शयनगृहातल्या खुर्चीच्या पाठीवर ढीग होऊन बसते, आणि तो ढीग डोळ्यांना खुपू लागला की उचलून सगळाच धुण्यात टाकला जातो. घरातील प्रत्येक माणसामागे दोन खुंट्या, हवा खेळेल अशा ठिकाणी, दाराच्या मागे किंवा सज्जाकडच्या भिंतीला ठोकल्या, तर अनेक घरांचे धुणे लक्षात येण्याइतके कमी होईल अशी माझी खात्री आहे.

येथे स्वच्छतेचा आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. आपला देश उष्ण, आपली किनारपट्टी दमट, घाम हा आपल्या ऋतुमानाचा भाग; युरोपातल्या थंड हवेत चार दिवस चालणारा सदरा रत्नागिरीत वैशाखात एक दिवसही चालणार नाही. म्हणून कमी धुणे म्हणजे मळके राहणे असा अर्थ कोणी काढू नये. अंगालगतचे कपडे, मोजे, घामाने भिजलेला सदरा किंवा पोलके, तान्ह्याची दुपटी-लंगोट, स्वयंपाकघरातील फडकी, ही त्या त्या दिवशी धुतलीच पाहिजेत. आजाऱ्याचे कपडे व अंथरूण तर वेगळे आणि गरम पाण्यातच काढले पाहिजे. यात सवलत नाही. परंतु पायजमा, जाड विजार, बाहेर नेसलेली साडी, थंडीतला स्वेटर, लग्नातला झब्बा यांना तोच नियम लावण्याचे कारण नाही. साडी घरी येताच सोडून सावलीत वाऱ्यावर टाकावी, घामाचे डाग पडले असतील तेवढा भाग ओल्या फडक्याने पुसावा, आणि वाळली की घडी उलटून ठेवावी, ही आजीच्या पिढीची रीत त्या वस्त्राचे आयुष्यही वाढवीत असे. सोवळ्यासाठी वापरायचा रेशमी मुकटा किंवा लोकरीची धाबळी रोज धुतली जात नसे, हे येथे आठवण्यासारखे आहे. त्या प्रथेतला शिवाशिवीचा भाग सर्वस्वी त्याज्य होता आणि तो गेला हे उत्तमच झाले. परंतु वस्त्राची जात पाहून त्याचे धुणे ठरवावे एवढी समज तिच्यात होती.

स्वच्छतेचा संबंध कपड्यांच्या विपुलतेशी नाही, हे महाराष्ट्राला ज्यांनी शिकवले ते गाडगे महाराज स्वतः परीट कुळातले. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावी त्यांचा जन्म झाला, १९५६ साली ते गेले, आणि त्यांच्या अंगावर आयुष्यभर चिंध्यांची ठिगळे जोडलेले वस्त्र राहिले. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या इतरांच्या अंगाचा मळ धुतला, त्या समाजातून आलेल्या या पुरुषाने हातात खराटा घेऊन गावे झाडली. त्यांच्यापाशी दाखवण्यासारखे वस्त्र नव्हते, आणि तरी स्वच्छतेचा अधिकार त्यांच्याइतका कोणालाच नव्हता.

आता पावडरीविषयी. सर्फ आपल्याकडे १९५९ साली आला. पुढे १९६९ साली अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी निरमा काढून, सायकलवरून घरोघर विकून, ही पावडर गरिबाच्या मोरीपर्यंत पोचवली. याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे, कारण दख्खनच्या विहिरी-कूपनलिकांचे पाणी बहुधा जड. त्यातील चुन्यामुळे साबणाचा फेस न होता पांढरा साका कपड्यावर बसतो, आणि त्या पाण्यात पावडरच काम देते. परंतु हळूहळू अशी समजूत दृढ झाली की फेस अधिक म्हणजे स्वच्छता अधिक. वस्तुस्थिती निराळी आहे. मळ सुटतो तो पावडरीतील द्रव्याने, पाण्यात मुरण्याच्या अवधीने आणि कपड्यावर कपडा घासण्याने. फेस हा त्यातला निव्वळ दृश्य भाग आहे, आणि समोरून दार असलेल्या यंत्रात तो बेसुमार झाला तर गादीसारखा मध्ये येऊन हे घर्षणच कमी करतो. फाजील पावडर कपड्यातून निघण्यासाठी पाणी अधिक लागते, आणि जी निघत नाही ती काखेत, मानेशी कातडीला खाज आणते. जी मावशी दुसऱ्यांच्या घरची धुणी करते तिच्या बोटांच्या भेगा पाहिल्या म्हणजे हे निराळे समजावण्याची गरज राहत नाही. डब्यावर लिहिलेल्या मापाने पावडर मोजून घ्यावी, मळक्या कॉलर-मनगटांना आधी साबणाची वडी लावावी, अर्धा तास भिजू द्यावे, आणि यंत्र असल्यास वर हाताचा पंजा सहज शिरेल एवढी जागा ठेवून ते पुरते भरावे. एवढ्याने काम होते.

सुगंधी द्रव, मऊपणा आणणारा द्रव, पांढऱ्यासाठी एक, रंगीतासाठी एक, काळ्यासाठी एक, या बाटल्यांच्या फौजेची बहुतेक घरांना आवश्यकता नाही. मऊपणाचा द्रव धाग्यावर स्निग्ध थर चढवतो, म्हणून टॉवेल हाताला मऊ लागतो आणि पाणी मात्र कमी शोषतो. पांढरेपणाची आसक्ती तर मुळातून तपासावी अशी आहे. जुन्या काळची नीळ कपडा धुवत नसे. पिवळटपणावर निळी छटा देऊन डोळ्यांना तो शुभ्र भासवीत असे. आजच्या पावडरीतील चमक आणणारी द्रव्येही उन्हातील अदृश्य किरण शोषून निळसर प्रकाश परत टाकतात, आणि आपण त्याला स्वच्छता म्हणतो. शाळांनी पांढऱ्या गणवेशाचा आग्रह सोडून मळखाऊ रंग पसंत केला, तर लाखो मातांच्या रविवारचा एक प्रहर मोकळा होईल. खेळणाऱ्या पोराच्या अंगावर शुभ्र सदरा चढवून तो शुभ्रच राहावा अशी अपेक्षा आईकडून करणे अन्यायाचे आहे, आणि शिक्षण खात्याने या गोष्टीकडे गंभीरपणे पाहावे अशी माझी विनंती आहे.

आपल्या मोरीतले पाणी कोठे जाते, हाही हिशेबाचाच भाग आहे. आळंदीला इंद्रायणीच्या पात्रावर तरंगणारा पांढरा फेस वारकऱ्यांनी अनेक वेळा पाहिला. त्यात कारखान्यांचे दूषित पाणी आहे आणि घराघरांतून प्रक्रियेविना आलेले सांडपाणीही आहे. कारखान्यांचा बंदोबस्त शासनाने केला पाहिजे, आणि त्यात ढिलाईला क्षमा नसावी. परंतु सांडपाण्यातला आपला वाटा कमी करण्यासाठी कोणाच्या फर्मानाची वाट पाहावी लागत नाही. त्यात कृत्रिम धाग्यांच्या कापडाची भर पडली आहे. निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या २०१७ च्या अहवालात, समुद्रात कणांच्याच रूपाने पोचणाऱ्या प्लास्टिकपैकी अंदाजे ३५ टक्के अशा कापडाच्या धुण्यातून सुटलेल्या तंतूंचे असल्याचे म्हटले आहे. सुती कापड पावसाळ्यात वाळायला वेळ घेते, हे खरे. पण पॉलिएस्टर घामाचा वास धरून ठेवते, म्हणून तेच अधिक वेळा धुवावे लागते.

पावसाळ्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. कोकणात, मुंबईत आषाढ-श्रावणात घरात दोऱ्या बांधून, पंख्याखाली चार-चार दिवस कुबट वास घेत वाळणारे धुणे हा आपल्या गृहजीवनातील सर्वांत कंटाळवाणा प्रसंग असतो. तेथे उपाय एकच, आणि तो म्हणजे त्या महिन्यांत जाड चादरी, जीन व टर्किश टॉवेल कपाटात ठेवून पातळ सुती पंचे आणि हलक्या चादरी वापरात काढणे. कपडा दोरीवर टाकण्यापूर्वी चांगला झटकावा, दोन कपड्यांत वीतभर अंतर ठेवावे, आणि एका दिवशी दोरीला पेलेल तेवढेच धुवावे. वर्षभरासाठीही वार मुकरर करावेत. रोजच्या अंगालगतच्या कपड्यांखेरीज मोठे धुणे आठवड्यातून दोनदा, अंथरुणाचे एकदा, एवढ्यात चार माणसांचे घर निभावते.

परंतु वार ठरवूनही कपाटातील कपडे बेसुमार असतील तर बेत फसतो, कारण कपडे भरपूर असले की धुणे साचू देण्याची मुभा मिळते, आणि साचलेले धुणे नेहमी अधिक जड असते. माणसाला रोजच्या वापराचे पाच-सहा जोड पुरतात. त्यापलीकडचे देऊन टाकावेत. सुती असतील तर गोधडीला द्यावेत, आणि ही सोय आपल्या आज्यांनी फार सुंदर करून ठेवली आहे.

राहिला प्रश्न वाटणीचा, आणि मला तो सगळ्यांत जिव्हाळ्याचा वाटतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या कालविनियोग पाहणीत घरातील बिनमोबदल्याचे काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला २९९ मिनिटे आणि पुरुष ९७ मिनिटे घालवीत असल्याचे आढळले. पाच वर्षांनी, २०२४ च्या पाहणीत, हे आकडे २८९ आणि ८८ झाले. स्त्रियांचे काम १० मिनिटांनी उतरले आणि पुरुषांचे ९ मिनिटांनी. म्हणजे मधली दरी जवळपास होती तेवढीच राहिली. शिवाय ज्यांनी असे काही काम केले अशांचेच हे आकडे. २०१९ मध्ये असे पुरुष चारांत एकच्या आसपास होते. धुण्याची साधी पद्धत बसवून तिचा कारभारही गृहिणीच्याच गळ्यात घातला, तर तिचे कष्ट कमी होतील पण जबाबदारी तसूभरही कमी होणार नाही. कोणता कपडा कोणाचा, कोणाचा सदरा कधी लागणार, कोणाचा मोजा हरवला, ही सगळी नोंद आज तिच्या एकटीच्या डोक्यात असते, आणि त्या नोंदीचा शीण कपडे पिळण्याच्या शिणाहून कमी नसतो.

म्हणून वाचकांना, विशेषतः पुरुष वाचकांना, माझे सांगणे आहे. खुंटी आपण ठोका. आपले वाळलेले कपडे दोरीवरून आपण काढा, त्यांच्या घड्या आपण घाला, आणि आठ-दहा वर्षांच्या मुलालाही, मुलीइतकेच, हे काम आजपासून शिकवा. कोणता कपडा धुण्यात टाकायचा आणि कोणता उद्या पुन्हा घालायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. आणि ज्या दिवशी मोठे धुणे असेल त्या दिवशी घरातील प्रत्येकाने आपापला वाटा न सांगता उचलावा.